फळ्यावरचं वाक्य

लाल शाईला माणसं घाबरतात, म्हणून मी पस्तीस वर्षं हिरव्या पेनानं वह्या तपासल्या. याचा मला केवढा अभिमान! नवे शिक्षक रुजू झाले की त्यांना मी हे आवर्जून सांगायचे, जसा काही मोठा शोधच लावला होता. हिरव्या शाईनं खोडलेलंही खोडलेलंच असतं, हे मला एकसष्टाव्या वर्षी कळलं.

मी ओडेट फुर्तादो, अमेरिकेतल्या न्यू बेडफर्डची. आजी अझोर्स बेटांवरून इथल्या कापडगिरणीत आली, आई शिवणकारखान्यात राबली, मी मास्तरीण झाले. पहिली वीस वर्षं चर्चच्या तळघरात मोठ्या माणसांना इंग्रजी शिकवलं. बहुतेक सगळे ग्वातेमालाच्या डोंगरातले, घरी किचे भाषा बोलणारे (ऐकून ऐकून ती मलाही कामापुरती आली), मासळीच्या कारखान्यातून सुटले की रबरी बुटांसकट थेट वर्गात येणारे. पुढं ते वर्ग बंद पडले आणि मी शेजारच्या राज्यातल्या एका लॉ कॉलेजात लागले. होऊ घातलेल्या वकिलांना लिहायला शिकवायचं, हे काम. लोकांना वाटतं बाईनं मोठी उडी मारली. कसली उडी! तळघरात कुणाला वाक्य जोडता येत नव्हतं, इथं कुणाला वाक्य संपवता येत नाही.

डेल्मी इश्कोय माझ्या संध्याकाळच्या वर्गात होती. दिवसा दातांच्या दवाखान्यात फोन घ्यायची, मग तासभर गाडी हाकत कॉलेजात यायची. मी तिला चार वर्षांची असल्यापासून पाहतेय. तिची आई टोमासा तिला मांडीवर घेऊन तळघरात बसायची, आणि ही पोरगी माझ्या टेबलावरचे खडू खायची.

डेल्मी आठ वर्षांची असताना टोमासाची आश्रयाची केस फेटाळली गेली आणि तिला परत ग्वातेमालाला पाठवलं. पोरीला मावशीनं, पास्कुआलानं, वाढवलं. डेल्मीच्या कागदांवर तिला इथं राहता येतं, शिकता येतं, पण देशाबाहेर पाऊल टाकलं की परतीचं दार बंद. सोळा वर्षं मायलेकी एकमेकींना फोनच्या काचेवर पाहत होत्या. टोमासाला परत पाठवलं तेव्हा मी गोड पाव भाजून पास्कुआलाकडे नेला होता. केस का फेटाळली, ते मात्र विचारलं नाही. वाईट वाटून घेतलं आणि घरी आले.

जानेवारीत एका संध्याकाळी डेल्मी माझ्या खोलीत आली. कोटावर बर्फ, हातात जाडजूड फाइल.

"बाई, आईची केस पुन्हा उघडायचा अर्ज करतोय. कॉलेजच्या मदतकेंद्रातले वकीलसाहेब तयार झालेत. हकिगत मी लिहिलीय. वाचा आणि फाडून खा मला."

"तुला खाऊन माझं काय भागणार? हाडंच नुसती. जेवतेस का नाही?"

"आधी जुना निकाल वाचा, मग जेवणाचं विचारा."

मी चष्मा लावला. अर्जदार बाईवर विश्वास ठेवता येत नाही, असं न्यायाधीशानं लिहिलं होतं, आणि त्याला दोन कारणं दिली होती. एक, बाईच्या लेखी अर्जात एक आणि तोंडी साक्षीत दुसरंच. अर्जात म्हणते नवऱ्याला घरातून नेलं, साक्षीत म्हणते मक्याच्या गिरणीवरून नेलं. अर्जात म्हणते तो पुन्हा दिसलाच नाही, साक्षीत म्हणते तिसऱ्या दिवशी त्याचं प्रेत मी धुतलं. दुसरं कारण, त्याच महिन्यात आणखी दोन बायकांच्या अर्जांत हीच तीन वाक्यं शब्दाला शब्द आली होती, तिन्ही अर्ज एकाच हस्ताक्षरात. तीन बायकांचे तीन नवरे एकाच शब्दांत जात नाहीत, असं त्यानं म्हटलं होतं. खाली ती वाक्यं होती.

हत्यारबंद माणसं आमच्या घरात आली. त्यांनी माझ्या नवऱ्याला नेलं. त्यानंतर तो मला पुन्हा कधीच दिसला नाही.

ती वाक्यं माझी होती.

"अक्षर पास्कुआला मावशीचं आहे," डेल्मी सांगत होती. "वर्गात हिचं अक्षर सगळ्यात चांगलं, म्हणून तिघींचे अर्ज हिनं भरले. आणि भरता भरता गोष्टही स्वतःच रचली. शहाणी! सगळा अर्ज आता त्यावरच उभा आहे, बाई. मावशीनं शपथेवर सांगायचं की ती वाक्यं मी रचली, टोमासाला इंग्रजी कळत नव्हतं, तिचा दोष नाही. मग आईची साक्ष खरी ठरते."

"मावशी काय म्हणते?"

"काय म्हणणार? तोंडाला कुलूप. म्हणते, तुला हवं ते लिही, मी सही करते. सोळा वर्षं हेच चाललंय. गल्लीतल्या बायका तिच्याशी धड बोलत नाहीत, आईही फोनवर तिचं नाव घेत नाही, तरी ही गप्प. चूक केली नसती तर गप्प बसली असती का कुणी?"

मी डेल्मीच्या मसुद्यात एके ठिकाणी स्वल्पविराम घातला. खरं सांगते, त्या संध्याकाळी मी तेवढंच केलं.

टोमासाचा अर्ज गेला त्या वर्षी तळघरात मी 'माझी गोष्ट' नावाचा धडा घेतला होता. सगळ्यांनी आपण इथं का आलो ते लिहायचं. वर्गातल्या निम्म्या बायकांच्या घरातून कुणीतरी नेलेलं होतं, आणि त्यांच्या वह्यांत नुसते तुकडे तुकडे पडले होते. मला वाटलं, बिचाऱ्यांना एक नमुना द्यावा. फळ्यावर तीन वाक्यं लिहिली. सोपी, स्वच्छ, कुठं अडखळायला नको अशी. 'पुन्हा कधीच दिसला नाही' हे तर मला फारच आवडलं होतं. इंग्रजीत असं म्हणतात, म्हणून मी म्हटलं. कुणाला पुन्हा दिसला होता का, हे विचारायचं माझ्या डोक्यातही आलं नाही. त्या माणसांच्या लेखी बाईंनी फळ्यावर लिहिलं ते बरोबर आणि आपल्या वहीत आहे ते चूक. सगळ्यांनी मान खाली घालून उतरवून घेतलं. मी वह्या गोळा केल्या आणि प्रत्येकीत हिरवी खूण केली.

त्यानंतर तीन आठवडे मी गप्प राहिले. कारणं भरपूर सापडली. तेव्हा सगळेच शिक्षक नमुने द्यायचे. मला काय माहीत त्या बायका ते कोर्टात नेतील? आणि आता या वयात नाव खराब करून घ्यायचं? मंगळवारी आणि गुरुवारी मी वर्गात उभी राहून ठणकावून सांगत होते, "साक्षीदाराचे शब्द साक्षीदाराचेच राहू द्या. ओबडधोबड असले तरी. तुमचं सुंदर वाक्य त्याच्या तोंडात कोंबू नका." पहिल्या बाकावर डेल्मी ते लिहून घेत होती. मला माझीच शिसारी आली, पण शिसारी आली म्हणून काही मी तोंड उघडलं नाही.

चौथ्या आठवड्यात तिनं मावशीचं प्रतिज्ञापत्र तपासायला आणलं. 'मी, टोमासाची बहीण पास्कुआला, शपथेवर सांगते की ती तीन वाक्यं मी स्वतः रचली.' खाली सहीची जागा रिकामी होती. मी हिरवं पेन उघडलं आणि ते हातात तसंच राहिलं.

"यावर सही होऊ देऊ नकोस," मी म्हणाले. "शनिवारी मी तुमच्याकडे येते."

"का? भाषा चुकलीय?"

"भाषा बरोबर आहे."

पास्कुआलाचं घर दुसऱ्या मजल्यावर, खाली माशांचं दुकान. मी गेले तेव्हा ती टमाले, म्हणजे मक्याच्या पिठाचे वाफवायचे उंडे, पानांत गुंडाळत होती. बोटं कारखान्यातल्या बर्फानं वाकडी झालेली, पण हात भराभर चालत होते. डेल्मी टेबलाशी कागद पसरून बसली होती. मी कोटही न काढता सांगून टाकलं. वाक्यं माझी होती. फळ्यावर मी लिहिली. पास्कुआलानं फक्त उतरवली.

पास्कुआलानं पान गुंडाळायचं थांबवलं नाही.

"मला माहीत आहे," ती म्हणाली.

"काय माहीत आहे?" डेल्मी ओरडली.

पास्कुआलानं हात पुसले, आत गेली आणि एक वही घेऊन आली. टोमासाची वही. पाण्यानं फुगलेली, पाठीवर मासळी कारखान्याचा छाप. तिनं पान उघडून टेबलावर ठेवलं. वर पेन्सिलीनं मोठमोठ्या अक्षरांत टोमासानं स्वतः लिहिलं होतं, मोडक्या इंग्रजीत: गिरणी. मी मका घेऊन. तो पुढे. ते त्याला नेतात. तीन दिवस. ओढा. मी धुते. नखात पीठ. अजून पीठ.

त्यावर हिरव्या शाईची आडवी रेघ होती. बाजूला माझ्या अक्षरात, 'तुकडे नकोत. फळ्यावरून उतरवा.' खाली फळ्यावरची तीन वाक्यं नीट उतरवलेली, आणि त्यांच्याखाली बरोबरची खूण आणि 'छान!'

"अर्ज भरताना टोमासानं हे पान पुढं केलं," पास्कुआला म्हणाली. "म्हणाली, हे घाल, यावर बाईंची खूण आहे. बाकीच्या दोघीही आपापल्या वह्या घेऊन आल्या. मी उतरवलं. आणखी काय करायचं होतं मी?"

"मग बोलली का नाहीस?" डेल्मीचा आवाज फाटला. "मी तुला काय काय बोलले, मावशी! सोळा वर्षं!"

"कुणाला बोलायचं? तुला? बाईंनीच तुला चांगल्या शाळेत घातलं. कॉलेजला बाईंनीच चिठ्ठी लिहिली. तू उठता बसता बाई, बाई. मी म्हटलं, आई गेली ती गेली, निदान पोरीला एक माणूस तरी धड राहू दे." मग ती माझ्याकडे वळली. "आणि बाई, तुम्ही कोट काढा. घाम आलाय तुम्हाला."

मी कोट काढला नाही. मला रडू येत होतं आणि त्या घरात रडायचा मला काही हक्क नव्हता.

डेल्मीनं मावशीचं प्रतिज्ञापत्र उचललं आणि फाडलं. मग बॅगेतून कोरा कागद काढून माझ्यासमोर सरकवला.

"लिहा," ती म्हणाली. "तुमचं. शपथेवर. आणि ते हिरवं पेन आत ठेवा, काळ्या शाईनं लिहा."

मी लिहिलं. पस्तीस वर्षं दुसऱ्यांचं तपासणाऱ्या बाईला स्वतःचं एक पान लिहायला दीड तास लागला. डेल्मीनं ते उभ्यानंच वाचलं. एका ओळीवर बोट ठेवलं. 'त्या वाक्यांमुळे कदाचित गैरसमज झाला असावा.'

"'कदाचित' काढा. 'असावा' काढा. आणि गैरसमज कुणाचा? न्यायाधीशाचा? तुम्ही काय केलंत ते लिहा."

मी लिहिलं, 'तिनं खरं लिहिलं होतं. मी ते खोडलं.' डेल्मीनं मान डोलावली. त्या दिवशी तिनं मला एकदाही बाई म्हटलं नाही.

वकीलसाहेबांना ते पान आणि ती वही दाखवली. ते म्हणाले, एवढ्या वर्षांनी दार उघडणं कठीणच असतं, पण हे आहे तर निदान ठोठावता येईल. फक्त एक पाहिजे. टोमासाचं नवं निवेदन, तिच्या शब्दांत, गिरणीपासून ओढ्यापर्यंत. तिनं सांगायचं, डेल्मीनं किचेतून जसंच्या तसं इंग्रजीत उतरवायचं, काही घालायचं नाही, काही गाळायचं नाही. "त्यात तिचं स्वतःचं काही नसेल, तर आपल्याकडे काहीच नाही," असं ते म्हणाले. अर्ज सोमवारी जाणार होता.

रविवारी दुपारी पुन्हा पास्कुआलाचं स्वयंपाकघर. मला डेल्मीनं बोलावलं नव्हतं, टोमासानं बोलावलं होतं. बाई असतील तर मला धीर येईल, असा निरोप तिनं धाडला होता. फोन मक्याच्या डब्याला टेकवून उभा केला. काचेवर टोमासाचा चेहरा आला. मी ओळखलंच नाही. मांडीवर पोर घेऊन बसणारी ती दांडगी बाई कुठं आणि हे सुकलेलं तोंड कुठं. दात पडलेले. मागं कुठंतरी कोंबडा ओरडत होता.

"बाई! अहो, केस पांढरे झाले की तुमचे!"

"झाले, टोमासा. तुम्ही कशा आहात?"

"मी काय, आहे. पोरगी वकील होतेय म्हणे. खडू खायची हो ही!"

पास्कुआला भिंतीला टेकून उभी होती, फोनमध्ये दिसणार नाही अशी. डेल्मीनं घसा साफ केला आणि कागद पुढं ओढला.

"आई, आता मी लिहून घेते. बाबांचं सांग. त्या दिवशी काय झालं, पहिल्यापासून. तुझ्या पद्धतीनं सांग, घाई नाही."

टोमासा सरळ बसली. हात मांडीवर घेतले, शाळेत घेतात तसे. आणि मग तिनं इंग्रजीत सुरुवात केली. एकेक शब्द सुटा, अगदी स्पष्ट. हत्यारबंद माणसं आमच्या घरात आली. त्यांनी माझ्या नवऱ्याला नेलं. त्यानंतर तो मला पुन्हा कधीच दिसला नाही.

डेल्मीनं पेन खाली ठेवलं.

"आई, हे नाही," डेल्मी म्हणाली. "गिरणीचं सांग. तू मका घेऊन चालली होतीस ना?"

"नाही, नाही. गिरणीचं नाही." टोमासा घाईनं मान हलवू लागली. "मागच्या वेळी मी तिथंच चुकले. त्या मोठ्या माणसासमोर उभी राहिले आणि बाईंनी शिकवलेलं विसरून आपलंच काहीबाही बोलून बसले. गिरणी काय, ओढा काय. त्यानं लगेच धरलं मला. तुझ्यापासून तोडलं ते त्यामुळेच, पोरी. माझ्याच तोंडानं. या वेळी नाही चुकायची. रोज सकाळी चूल पेटवताना म्हणते मी. सोळा वर्षं झाली, एक दिवस चुकवला नाही."

मला राहवलं नाही. मी फोनच्या पुढ्यात वाकले. "टोमासा, ऐका माझं. ते वाक्य चूक होतं. मी चुकले. तुमचंच बरोबर होतं, नखातलं पीठ, ओढा, सगळं."

ती हसली. काय ते हसणं! लहान मुलानं काहीतरी गोड बोलावं तसं माझ्याकडे बघत हसली.

"तुम्ही फार चांगल्या हो बाई. माझी चूक स्वतःवर घेताय. मला ठाऊक आहे ना. तुम्ही खूण केली होती त्याला, हिरवी."

"आई," डेल्मी आता रडत होती, "पिठाचं सांग ना गं. एकदाच. तू बाबांना धुतलंस ते."

टोमासाच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं.

"ते मी आठवत नाही आता," ती म्हणाली. "मुद्दाम आठवत नाही. ते आलं की वाक्य बिघडतं. पहिली काही वर्षं फार यायचं. आता नाही येत."

पास्कुआला भिंतीपासून पुढं झाली आणि हलक्या आवाजात डेल्मीला म्हणाली, "तूच लिही गं. आपल्याला सगळं माहीत आहे. वहीत आहे. तिनं सांगितलं असंच लिहायचं, कोण बघतंय?"

डेल्मीनं माझ्याकडे पाहिलं. त्या शनिवारनंतर पहिल्यांदा तिनं मला काहीतरी विचारलं होतं, आणि तेही न बोलता. मी हो म्हटलं असतं तर तिनं लिहिलं असतं. हात माझाही शिवशिवत होता, काय सुरेख लिहिलं असतं मी! ओढ्याचं पाणी, नखातलं पीठ. न्यायाधीश रडला असता. आणि टोमासाच्या तोंडात मी दुसऱ्यांदा माझं वाक्य घातलं असतं.

मी मान हलवली. नाही.

डेल्मीनं डोळे पुसले, पेन उचललं आणि आईनं सांगितलं ते लिहिलं. तीनच ओळी. त्या तीन ओळींनी उद्याच्या अर्जात काही उरणार नव्हतं, हे त्या खोलीत टोमासा सोडून सगळ्यांना कळत होतं. तिकडं ती अजून ताठ बसली होती, हात मांडीवर, डोळे माझ्यावर.

"पुन्हा म्हणू का, बाई?" तिनं विचारलं. "बरोबर आलं ना? एकही चूक नाही ना?"

"नाही," मी म्हणाले. "एकही नाही."